कुत्रं आडवं आलं नव्हतं

माणसानं पडायचंच असेल तर कुठंही पडावं, पण नंदुरबारात मिरचीच्या पथारीत पडू नये. हे मी स्वतः पडून सांगतेय.

आमच्याकडे दिवाळी उलटली की गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ओली लाल मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. जिकडं बघावं तिकडं नुसतं लाल. बायका उकिडव्या बसून देठ खुडत असतात आणि रस्त्यानं जाणारा नवखा माणूस शिंकत शिंकत पुढं जातो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मी तर निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्याच रस्त्यानं सायकलवर पाच-सहा किलोमीटर जायचे आणि परत यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं सायकलवरून ये-जा केली. गावात मला कुणी नावानं ओळखत नाही, ‘सायकलवाल्या बाई’ म्हणूनच ओळखतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी पुलापुढच्या उतारावर मागून दूधवाल्यानं हॉर्न वाजवला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून हा माणूस रोज मला तिथंच गाठायचा आणि रोज कानाशी पों करायचा. आमचं ते जुनं भांडण. एरवी मी प्रमाण मराठीत बोलते, शाळेनं जिभेला तसं वळणच लावलं. पण राग आला की सगळी शाळा गळून पडते आणि आईची अहिराणी बाहेर येते. त्या दिवशीही आली. “डोया फुटनात का रे तुन्हा? एवढा रस्ता दिखत नही का?” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वाक्य पुरं करायला मी मान मागं वळवली आणि एक हातही सोडला, त्याच्याकडं बोट दाखवायला. पुढचं चाक डांबर सोडून खाली उतरलं, कडेच्या दगडावर आपटलं आणि मी हँडलवरून सरळ मिरच्यांत.

मांडी दगडावर आपटली होती हे मला नंतर कळलं. आधी कळली ती मिरची. कोपर, गुडघा, हनुवटी, जिथं जिथं खरचटलं तिथं तिथं आग. मी इतक्या जोरात ओरडले की पथारीवरच्या सगळ्या बायका धावत आल्या. “बाई पडनी वं! पळा!” त्यातल्या एकीनं पहिलं काम काय केलं, तर माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. “डोयाले हात लावू नका बाई! काही करा, डोयाले हात लावू नका!” त्या रोज मिरचीत बसतात, कशानं काय होतं ते त्यांना बरोबर ठाऊक. दुसरीनं आपल्या जेवणाच्या डब्याबरोबर आणलेलं ताक माझ्या हनुवटीवर ओतलं. आणि रिक्षा कुणी आणली? दूधवाल्यानंच. कॅन तिथंच उतरवून बिचारा गावात गेला आणि रिक्षा घेऊन आला. आता अशा माणसाला दोष तरी कसा द्यायचा?

दवाखान्यात माझे कपडे कापायला घेतले तशा दोन्ही सिस्टर शिंकायला लागल्या. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या पायाकडं गंभीर चेहऱ्यानं बघितलं आणि तेही शिंकले. मांडीचं हाड मोडलेलं, मनगट मोडलेलं, आणि तशात मला हसू येत होतं. आमचे हे दारात उभे होते, चेहरा पांढराफटक. मी हसतेय म्हणजे डोक्याला मार लागला, अशी त्यांची खात्री झाली.

मांडीत सळई घातली, मनगटाला प्लास्टर झालं आणि मी घरी येऊन खाटेवर पडले. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच महत्त्वाचं. येणारा नारळ किंवा बिस्किटाचे पुडे घेऊन येतो, खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, “व्हयनं कसं पन?” पहिल्याच दिवशी शेजारणीनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कुत्रं आडवं आलं.” काय करणार? निवृत्त शिक्षिका भर रस्त्यात मागं वळून भांडता भांडता पडली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकदा सांगितलं म्हणजे मग तेच सांगत राहावं लागतं. दहाव्या पाहुण्यापर्यंत कुत्रं काळं झालं. विसाव्यापर्यंत ते वासराएवढं झालं आणि त्याला वाचवायला मी सायकल वळवली, असंही त्यात आलं. बायका हळहळायच्या. “मुक्या जनावरासाठी बाईंनी जीव धोक्यात घातला.” मी डोळे मिटून घ्यायचे. लाजेनं, पण त्यांना वाटायचं दुखण्यानं.

सल्ला मात्र सगळ्यांचा एकच होता: सायकल विकून टाका. मुलगा सुरतेहून रोज फोन करायचा. “आई, आता पुरे. तुला बॅटरीवरची स्कूटर घेऊन देतो.” प्रकाशा गावाहून नणंद आली ती घरच्या केळीचा अख्खा घड घेऊन आली, आठवडाभर राहिली आणि रोज माझी वेणी घालताना तेच ऐकवत राहिली. या वयात हाड जुळलं हेच नशीब समज, पुन्हा त्या सायकलचं नाव काढू नको. मी सगळ्यांवर उखडायचे. “मी चालवणार! पाय माझा, सायकल माझी. बघतेच कोण अडवतं मला!” खाटेवर आडवी पडून मी असली भाषणं ठोकायचे. आमचे हे वॉकर पुढं सरकवायचे, औषधाची गोळी हातावर ठेवायचे आणि पेपर वाचत बसायचे. ते कचेरीत जन्मभर कारकून होते. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. चढवायची गरज नव्हती म्हणा, घरात मी होते ना.

त्यांची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना सायकल येत नाही. तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण लहानपणी एकदा शिकताना उसाच्या सरीत पडले आणि पुन्हा सायकलला हात लावला नाही. लग्नात मी माहेरची सायकल घेऊन आले तेव्हा सगळ्या गावानं त्यांची चेष्टा केली. बायको सायकलवर आणि नवरा पायी. ते नुसते हसायचे आणि पायी चालायचे.

तिसऱ्या महिन्यात मी काठी घेऊन चालायला लागले तेव्हा पथारीवरच्या त्या दोघी भेटायला आल्या, हात धरणारी आणि ताक ओतणारी. येताना देठ खुडलेली पिशवीभर मिरची घेऊन आल्या. नणंद पुन्हा आलेली होतीच. तिनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, “ते कुत्रं खरंच एवढं मोठं व्हतं का वं?”

“कुत्रं?” हात धरणारी म्हणाली. “कोनतं कुत्रं वं माय?”

मी खोकले, डोळे मोठे केले, काठी आपटली. काही उपयोग झाला नाही. ताकवाली तर चहाचा कप खाली ठेवून उठलीच. तिनं मान पार मागं वळवली, एक हात हवेत नाचवला, माझाच आवाज काढून ओरडली, “डोया फुटनात का रे तुन्हा!” आणि धपकन सतरंजीवर बसून दाखवलं. हुबेहूब मी. मग आमचे हे हसायला लागले. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नणंद पदराआडून म्हणाली, “सायकल नको इकू वहिनी, जीभ इक.”

तेव्हापासून मला मिळणारी सगळी सहानुभूती संपली. भेटायला येणारे आता कुत्र्याची चौकशी करून हसून जायचे.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला आणि म्हणाले, हाड पक्कं जुळलंय. सपाट रस्त्यावर, हळूहळू, सायकल चालवायला हरकत नाही. मी विजयी मुद्रेनं यांच्याकडं बघितलं. हे एक्स-रे पाकिटात घालत होते. दोन दिवसांनी दारात घंटी वाजली. बघते तर हे, घामाघूम, हातात माझी सायकल. नवी रिंग बसवलेली, पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ केलेला, ब्रेकचे रबर नवे. दुकानापासून घरापर्यंत चैत्राच्या उन्हात ढकलत आणली होती, बसता येत नाही म्हणून. त्यांनी ती जिन्याखाली लावली आणि माठातलं पाणी प्यायला गेले.

आणि मला घाम फुटला.

कशाला लपवू? मी त्या सायकलकडं नुसतं बघितलं. मांडीत जिथं सळई आहे तिथं आतून कळ गेली. पाच महिने साऱ्या जगाशी भांडले ते चालवणारच म्हणून, आणि आता कुणी अडवत नव्हतं तर पाय हलेना. पहिल्या दिवशी म्हटलं, ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी वारा होता. मग एकादशी आली, मग टायरात हवा कमी वाटली. रोज सकाळी जिन्याखाली जायचे, सीट पुसायचे आणि परत यायचे. ती सायकल एवढी स्वच्छ तिच्या आयुष्यात कधी नव्हती. शेजारीण विचारायची, “काय बाई, कवय निघनार?” मी सुस्कारा सोडून म्हणायचे, “काय करू, घरचे जाऊ देत नाहीत हो. हे फार घाबरतात.”

पंधरा दिवस हे चाललं. एक दिवस मी दारापुढच्या ओट्यावर तेच बोलत होते आणि मागं हे पेपर घेऊन उभे. शेजारीण गेल्यावर शांतपणे म्हणाले, “मन्हं नाव कसाले सांगस वं?”

मी चिडले. म्हणजे चिडायला तोंड उघडलं, पण राग येण्याऐवजी रडूच आलं. ओट्यावर बसून मी लहान मुलीसारखी रडले. “भीती वाटते हो मला. मांडी मोडली तो आवाज अजून ऐकू येतो. फोडणीत मिरची पडली तरी अंगावर काटा येतो. पण चालवली नाही तर मी कोण? काठी घेऊन दारात बसलेली म्हातारी? मला ते नाही व्हायचं.”

हे शेजारी बसले. बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “मी धरसू ना मांगून.”

“तुम्हाला येतं का?”

“चालाडता येत नही. धरता येस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पायीच पथारीपर्यंत गेलो, सायकल ते ढकलत आणि मी काठी टेकत. हंगाम संपला होता. मैदान रिकामं, मातीला नुसता लालसर रंग राहिलेला. तरीही मला शिंक आली. मी काठी कडुनिंबाला टेकवून ठेवली. उतार संपल्यावरच्या सपाट रस्त्यावर सीटवर बसले, एक पाय जमिनीवर. यांनी दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं.

“सोडू नका हं. काही झालं तरी सोडू नका.”

“नही सोडस.”

मी पायडल मारलं. सायकल दोन हात पुढं गेली आणि थांबली. पुन्हा मारलं, पुन्हा थांबली. मागं वळून बघायची हिंमत नव्हती, पण यांचा श्वास ऐकू येत होता. सोडू नका म्हटल्यावर या भल्या माणसानं सायकल अशी काही धरली होती की ती जागची हलेना. मी पुढं रेटतेय आणि हे मागं ओढतायत. हँडल डुगडुगायला लागलं. अहो, अशानं तर मी नक्कीच पडले असते!

“जरा सैल धरा!”

“तूच म्हने सोडू नका.”

पुन्हा तेच. पायडल दाबतेय, घाम गळतोय, सायकल अर्ध्या हातावर अडतेय. शेवटी माझं डोकं फिरलं. सगळी शाळा गळून पडली. “सोडा ना आते! कितला येळ धरी ठेवशात? सोडा म्हंतस ना!”

त्यांनी सोडली.

सायकल अशी सुटली की मला क्षणभर कळेचना. पायडल हलकं झालं, कानाला वारा लागला, मांडीतली सळई गप्प बसली. दहा हात, वीस हात, झाडं मागं जायला लागली. मी चालवत होते! हसत होते की रडत होते ठाऊक नाही, दोन्ही असेल.

आणि तेवढ्यात मागून पों.

तोच हॉर्न, तोच दूधवाला. माझी मान आपोआप वळायला लागली, तोंडात शब्द तयार, डावा हात हँडलवरून सुटायला आला. मी सगळ्या ताकदीनं मान धरून ठेवली. हात परत मुठीवर घट्ट केला. बोलायचं तर होतंच, पण मागं बघितल्याशिवाय मला कधी भांडता आलेलं नाही.

तेव्हा मागून आवाज आला, चांगला मैदानभर घुमला.

“डोया फुटनात का रे तुन्हा? मन्ही बायको सायकल चालाडी ऱ्हायनी, दिखत नही का?”

लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दूधवाला हळू झाला, लांबून वळसा घालून, हात वर करून पुढं गेला. मी मागं बघितलं नाही. समोर बघत राहिले आणि त्यांना ऐकू जावी म्हणून घंटी वाजवली, दोनदा.