ओल्या फडक्याची रेघ

आमची रोहिणी आकाशगंगांच्या मारामाऱ्या बघते. हसू नका, पगार मिळतो तिला त्याचा! मी तिची थोरली बहीण संजना, सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगला. मला तिनं हे सगळं आमच्या ओट्यापाशीच समजावलं होतं.

दोन आकाशगंगा एकमेकींवर आदळतात, आतला वायू चेचला जातो आणि ताऱ्यांचा नुसता भडका उडतो. मोठाले तारे जन्मतात काय, फुटतात काय! पण सगळं धुळीआड. बाहेर येते ती फक्त धग. भडका आता कुठवर आलाय, हे उरलेल्या वायूवरून कळतं. त्यातला हायड्रोजन दिसत नाही, म्हणून त्याच्यासोबतचा कार्बन मोनॉक्साइड शोधायचा.

"म्हणजे आपलं फडकं," आई म्हणाली. गॅस किती उरलाय ते बघायला आई सिलिंडरवर ओलं फडकं फिरवते. वरचा भाग चटकन सुकतो. जिथवर गॅस, तिथवर ओल टिकते. "अगदी तेच!" म्हणून रोहिणीनं तिला टाळी दिली.

रोहिणीचा नवरा कुंदन चारचौघांत अगदी गोडबोल्या. परवा ती माहेरी आली तेव्हा ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं. "मी परत जाणार नाही," एवढंच बोलली. मागोमाग कुंदन आला, दारावर लाथा घालत.

आई भाकरी टाकत होती. "तापट आहे गं तो," ती म्हणाली. "भडकतो, मग होतो शांत. तू जा." माझं डोकंच फिरलं!

तेवढ्यात कडी तुटली. त्यानं रोहिणीचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. मी लाटणं हाणलं, तर मेल्यानं मला मांडणीवर ढकललं. भांडी त्याच्या पायावर कोसळली, पकड सुटली, तो पाय धरून कळवळत राहिला. रोहिणीच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तिनं फडकं भिजवून सिलिंडरवर फिरवलं. ओलीची रेघ पार बुडाशी राहिली.

"आई, जाळ बघू नकोस, गॅस बघ. वायू आहे तोवर भडका थांबत नाही. आणि त्याच्या घरातला वायू मी आहे. एवढीच उरलेय."

आई त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं तेच फडकं घेऊन तापलेला तवा उचलला. ओल्या फडक्यानं हात जास्तच भाजतो, हे तिला माहीत नव्हतं का? वाफ निघाली, तळवा पोळला, तरी तिनं तवा सोडला नाही. तो कुंदनच्या तोंडासमोर धरून ती त्याला उंबऱ्यापर्यंत रेटत गेली.

"जा," आई म्हणाली. या वेळी ते त्याला होतं.