हेडसेटमधले तीन मामा

"मॅडम, मी काहीच म्हणत नाही. तुमचंच मशीन म्हणतंय," सेफ्टी ऑफिसर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. टीम लीडर सुनीता. सूचना अस्पष्ट. नेतृत्वासाठी अयोग्य.

माझं डोकं फिरलं.

सांगलीत माझा व्हीआर ट्रेनिंगचा धंदा आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर अख्खा कारखाना उभा राहतो. खोटा, पण हुबेहूब. त्यात खोटी आग लागते आणि चौघांच्या टीमने ती विझवायची. सायबर कॅफेतल्या एका कॉम्प्युटरपासून मी इथवर आले, कुणाच्या शिफारशीवर नाही. आणि आता माझ्याच मशीनच्या तोंडून हे साहेब बायकांना बाहेर काढत होते.

काम इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यातलं. डिस्टिलरीच्या इमर्जन्सी टीमला लीडर हवा होता. सुनीता तिथल्या लॅबमध्ये दर सीझनला नव्याने लागायची. लीडर झाली तर कायम होणार होती.

"रेकॉर्डिंग दाखवा," मी म्हणाले.

"कशाला? निकाल लागला."

"मशीन माझं ना? मग मी बघणार."

रेकॉर्डिंगमध्ये अल्कोहोलच्या टाकीला गळती लागते. सुनीता ओरडते, "मामा, व्हॉल्व बंद करा! आवं मामा, लवकर!" टीममधले तिन्ही पुरुष जागचे हलत नाहीत. टाकी उडते. मग तिघांतल्या माने मामांचा आवाज येतो, "आयला! मला वाटलं तुला सांगतीय." दुसरा म्हणतो, "आन मला वाटलं तुमाला!"

मी कपाळावर हात मारला. तिघंही तिच्यापेक्षा वयाने मोठे. आपल्याकडची बाई मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाही. प्लांटमध्ये ती ज्याच्याकडे बघून "मामा" म्हणते, तो मामा उठतो. हेडसेटमध्ये सगळ्यांना एकसारखं हेल्मेट, बघणार कुणाकडे? पुरुष लीडर असलेल्या टीमना ही अडचणच नव्हती. तिथे "ए संभ्या, पळ रं!" म्हटलं की संभ्या पळत होता. आणि नाव घेऊन हुकूम सोडला की माझं सॉफ्टवेअर मार्क देत होतं.

"पुन्हा टेस्ट घ्या. खर्च माझा," मी म्हणाले. "हेल्मेटवर जागेची नावं टाकते. पंप, गेट, व्हॉल्व."

"बायकांना सवलत नको हं."

"सगळ्या टीमना तेच. मग तर झालं?"

दुसऱ्या फेरीत सुनीताचा आवाजच बदलला. "व्हॉल्व, बंद करा! गेट, माणसं भाईर काढा! पंप, फोम सोडा!" टाकी वाचली. सगळ्या टीममध्ये तिची टीम पहिली आली.

माने मामांनी हेडसेट काढला. "मला पंप म्हनतीय व्हय गं?"

"मग काय म्हनू मामा, संभ्या?"

सगळे हसले. साहेब सोडून.

त्यांनी मला केबिनमध्ये नेलं. "वर काय सांगू? आधी नापास, आता पहिली? तुमच्या सिस्टीममध्ये दोष होता, असं लिहून द्या."

"आणि तुम्ही तिला अयोग्य ठरवलंत, ते कोण लिहून देणार?"

"मॅडम, तुम्हाला तिचं काम व्हायला हवंय की भांडण?"

भांडणच हवं होतं, खरं सांगते. पण बाहेर सुनीता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी म्हणाले, "लिहून देते. पण आधी तिच्या लीडरपदाच्या ऑर्डरवर माझ्यासमोर सही करा." घासाघीस झाली, चहा गार झाला, सही झाली. मग मी माझं पत्र दिलं.

सुनीता कायम झाली. पुढचं कंत्राट मात्र पुण्याच्या एका कंपनीला गेलं. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, "तुमच्या सिस्टीममध्ये दोष होता ना? तुम्हीच लिहून दिलंय."

तेव्हापासून नव्या कारखान्यात हेडसेट उघडण्याआधी मी विचारते, इथे कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं? आणि लेखी मात्र कुणालाच काही देत नाही.