अक्कांचे जंत, नानांची गोळी

ज्या कामाबद्दल घरी जेवताना बोलता येत नाही, त्याचे किस्से फार साठतात. मी धरणगावच्या एका छोट्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. बाटल्या घेते, नावं लिहिते. आत तपासायला संजूभाऊ आणि सही करायला डॉक्टर मॅडम.

*

एका पोराला जंत निघाले म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं शौच तपासायला सांगितलं. त्याची आई चार बाटल्या घेऊन आली. सासू, सासरे, नवरा आणि ती स्वतः. थोड्या वेळाने संजूभाऊ बाहेर आले.

"ताई, चारही बाटल्या एकाच माणसाच्या आहेत का?"

बाई जराही लाजली नाही. "घरमा एकच चूल शे, भाऊ. बठ्ठा एकच खातस. मंग येगयेगळं कसाले?"

*

एक गुरुजी रिपोर्ट वाचून भडकले. "जंत? आमच्याकडे आरओ आहे!"

संजूभाऊ शांतपणे म्हणाले, "मग तेही आरओचंच पीत असतील, सर."

*

भुसावळचे एक टीसी आले होते. त्यांना स्वतःचा जंत बघायचा होता. सूक्ष्मदर्शकात फक्त अंडं दिसलं, पण त्यांनी डोळा काढलाच नाही.

"मॅडम, हा विनातिकीट किती दिवस बसलाय?"

"वर्षभर तरी."

"आणि शरीराने पकडलं नाही?"

मॅडमनी समजावलं. जंत शरीराची प्रतिकारशक्ती थंड करतात, म्हणजे त्यांना कोणी हाकलत नाही. आतड्यातले जिवाणूही बदलतात. कोणाची संख्या वाढते, कोणाची घटते.

टीसी हळहळले. "म्हणजे शेजारच्यांना सरकवतो आणि वर टीसीलाच चहा पाजतो!"

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, ज्यांच्या आतड्याला उगाच सूज येते, त्यांना या थंडपणाचा उपयोग होईल का, हे शास्त्रज्ञ बघताहेत. पण तो उपचार नव्हे. काही जंत रक्त पितात, माणूस पांढरा पडतो.

मी सगळं लक्ष देऊन ऐकलं. सांगितलं मात्र अर्धंच. ते असं.

*

आमच्याकडे एक नाना दर महिन्याला रक्त तपासायला येतात. आतड्याला सूज. वरचेवर संडासला पळावं लागतं. नातीचं लग्न भुसावळला ठरलेलं, आणि नानांना एकच घोर, तेवढा वेळ बसमध्ये बसवेल का? त्यांचं मन रमावं म्हणून मी जंतांची गोष्ट सुरू केली. सूज कशी थंड होते इथवर आले आणि फोन वाजला. 'पण' राहूनच गेला.

पुढच्या महिन्यात नानांची सूज वाढलेली. संजूभाऊंनी विचारलं, "नाना, गोळ्या घेताय ना?"

"बंद करी टाक्यात. जंत येतीन म्हनीसन शेतमा अनवानी फिरस."

मी तशीच आत गेले. मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी नानांना बाकावर थांबवून ठेवायला सांगितलं.

*

त्याच दिवशी नानांबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोचा, अक्कांचा रिपोर्ट आला. रक्त कमी आणि जंतांची अंडी भरपूर. नानांचे डोळे चमकले.

"तू गोळी घेऊ नको. तुना जंत माले दे!"

अक्का मला म्हणाल्या, "पन्नास वरीसमा मनी एक गोष्ट आयकी नही, आते मना जंत मांगस!"

*

मॅडमनी जळगावला नानांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोळ्या आत्ताच सुरू करा, उद्या दाखवायला या. खालच्या मेडिकलमधून दोघांच्या गोळ्या आल्या. नानांची गिळायची, अक्कांची चावायची.

अक्का नानांकडे बोट दाखवून हात बांधून बसल्या. "ह्या घेतीन तवय मी घिसू."

"आधी तू," नाना म्हणाले. "लगीनमा चक्कर येईसन पडशी."

"आधी तुमी. लगीनमा संडासबाहेर दिसनात तर पायजे!"

बाकावर दोघं, तळहातावर दोन गोळ्या. बाहेर त्यांच्या बसची वेळ होत आलेली. शेवटी मीच म्हटलं, "मी तीनपर्यंत मोजते. दोघांनी बरोबर तोंडात टाकायच्या. एक, दोन, तीन!"

दोन्ही गोळ्या तोंडात गेल्या. नानांनी पाणी प्यायलं.

"आता तोंड उघडा."

नानांचं तोंड रिकामं होतं. अक्कांच्या गालात गोळी तशीच, अख्खी!

"अक्का!"

त्यांनी मला हाताने थांबवलं. नानांपुढे ग्लास धरला, आणखी एक घोट प्यायला लावला, पाणी गळ्याखाली उतरेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कडकन गोळी चावली.