सत्तरपैकी किती?

नाणी जमवणारी चार माणसं एकत्र बसली की नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नाणं निदान विकता येतं. किश्श्याला गिऱ्हाईक नाही, मग ते साठतच जातात. आमच्याकडे तर ढीग झालाय.

'आमच्याकडे' म्हणजे लंडनजवळ पिनरला, बापटकाकांच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत. काका रिटायर्ड, नोकरी सगळी इंग्लंडमध्ये झालेली. त्यांच्या शेजारी काकू. मग स्लाऊला सॉफ्टवेअरमध्ये असलेला मंदार. आणि मी, मुग्धा, काकांच्या इवल्याशा बॉक्सरूममधली भाडेकरू. रविवारी चहा, चिवडा आणि नाणी! मधूनमधून आम्ही कॉइन फेअरला, नाण्यांच्या बाजारात, विक्रीसाठी टेबलही घ्यायचो. टेबलावरच्या प्रत्येक नाण्याला एक छोटं तिकीट लागतं. त्यावर साल आणि ग्रेड, म्हणजे नाणं कितपत चांगलं राहिलंय ते. ती ग्रेड काका ठरवायचे, काकाच लिहायचे. मला ती लिहायची होती. बास, या देशात मला एवढंच हवं होतं!

"तू?" काका म्हणाले. "अगं, टोस्टर उडायच्या आधी तू उडतेस!"

मी दचकते, हे खरंय. दाराची बेल, फोन, काकूंची शिंक, कशानेही दचकते. पण माझे डोळे दचकत नाहीत ना!

*

काकांचं म्हणणं, नाणं आपल्या डोळ्यांनी पारखायचं. मंदारचं म्हणणं, कंपनीकडे पाठवायचं. ग्रेडिंग कंपनी नाणं तपासते, मार्क देते आणि लेबल लावून प्लॅस्टिकच्या डबीत सील करून टाकते. अमेरिकन कंपनी सत्तरपैकी मार्क देणार. तेव्हा नवीनच निघालेली इंग्लिश कंपनी शंभरपैकी.

मंदारचा एक क्राउन, म्हणजे चांदीचं मोठं जुनं नाणं, अमेरिकेहून परत आला. चौसष्ट! गडी पेढे वाटायच्या बेतात.

"सत्तरपैकी चौसष्ट?" काकू म्हणाल्या. "मग सहा कुठे गेले?"

झालं! मंदारने डबी फोडली आणि तेच नाणं इंग्लिश कंपनीकडे पाठवलं. आले अठ्ठ्याहत्तर. त्याने मोबाइलवर हिशेब केला आणि चेहरा पाडून म्हणाला, "काका, हे तर एक्क्याण्णव टक्क्यांवरून अठ्ठ्याहत्तरवर आलं!"

"रीचेकिंगला टाकलं की असंच होतं," काका म्हणाले. "बोर्डात आमचेही कमीच व्हायचे."

*

काकांचा खरा राग डबीवर. "नाण्याला आयसीयूत घातलंय! भेटायचं तर काचेतून!"

एकदा मंदारने मोठ्या कौतुकाने एक डबी त्यांच्या हातात दिली. आतलं नाणं थोडं सैल बसलं होतं. काकांनी डबी कानाशी नेऊन हलवली. पुन्हा हलवली. मग शांतपणे मंदारला परत दिली.

"तुझ्या बाळासाठी ठेव. खुळखुळा छान वाजतो."

*

काकांचीही एकदा विकेट पडली, पण ती घरातच! त्यांनी एक सुरेख चांदीचा हाफ-क्राउन घेतला होता. दिवाळी आली. काकूंनी लक्ष्मीपूजनासाठी घरातली सगळी चांदी काढली, चिंच-मीठ लावून लखलखीत केली. हाफ-क्राउनसकट! नाणी जमवणाऱ्यांच्या जगात याहून मोठं पाप नाही. नाणं घासलं की त्याची मूळची चमक गेली, ती परत येत नाही.

मंदारने फार गळ घातली म्हणून काकांनी ते अमेरिकेला पाठवलं. ते मार्कांशिवाय परत आलं. लेबलवर फक्त शेरा: 'क्लीन्ड'.

काकूंनी चष्मा लावून लेबल वाचलं. "अहो, बघा! तुम्हाला कधी दिसत नाही मी काय काय घासते ते. त्यांना अमेरिकेत दिसलं!"

*

फेअरमधली एक गंमत सांगते. लंडनच्या एका हॉटेलचा हॉल. एका डीलरने माझ्यामागे सूटकेस धाडकन मिटली आणि मी हातभर उडाले. तो गालात हसला. "मिस्टर कुठे आहेत? कलेक्शन त्यांचंच असेल ना?"

मी दचकले, हे खरं. पण तोंड नाही दचकलं! म्हटलं, "मिस्टर अजून मिळाले नाहीत. चांगल्या ग्रेडचा बघतेय."

*

आता माझ्या फ्लोरिनची गोष्ट. व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं नाणं. पहिल्या पगारातून मीच निवडून घेतलेलं. राणीच्या चेहऱ्यासमोरच्या सपाट भागात अगदी बारीक रेषा होत्या. काका बघताक्षणी म्हणाले, "घासलंय."

"नाही काका. घासल्याच्या रेषा आत गेलेल्या असतात आणि चेहऱ्यावरूनही जातात. या उठलेल्या आहेत आणि चेहऱ्याशी येऊन थांबतात. टांकसाळीत साच्याला पॉलिश केलं, त्याच्या आहेत."

"हे तू मला शिकवणार?"

"हो!" म्हटलं, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.

पाठवलं अमेरिकेला. शेरा आला: 'क्लीन्ड'. काकांनी विजयी मुद्रेने चहा मागवला. मी हट्टाने डबी फोडायला घेतली. मंदारने पक्कड दाबली, प्लॅस्टिक फटकन फुटलं आणि किंचाळले मी! मग नाणं इंग्लिश कंपनीकडे. तिकडून पंचाहत्तर मार्क, शेरा काही नाही.

"एकीकडे नापास, एकीकडे फर्स्ट क्लास," मंदार म्हणाला. "आता खरं कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

तिकिटं मात्र काकाच लिहीत राहिले.

*

पुढच्या फेअरला फ्लोरिन टेबलावर ठेवलं. इंग्लिश कंपनीच्या डबीत, आणि शेजारी अमेरिकेचं जुनं लेबलही. तिकीट कोरंच होतं. काका माझी ग्रेड लिहायला तयार नव्हते, मी त्यांची लिहू देत नव्हते.

एक म्हातारा डीलर आला, ग्लासगोचा. हॉलमध्ये सगळे त्याला वचकून असत. त्याने लेबल वाचलं आणि डबी उचललीसुद्धा नाही. "अमेरिकावाले क्लीन्ड म्हणतात. आणखी काय बघायचं?"

काका माझ्याकडे बघत होते.

"अमेरिका लांब आहे," मी म्हटलं. "नाणं इथे आहे. बघा ना!"

त्याने भिंग काढलं. दिव्याखाली डबी फिरवली, तिरकी केली, पुन्हा फिरवली. नाणं खाली ठेवलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून मखमलीचा बटवा काढला आणि त्यातलं एक नाणं माझ्यासमोर ठेवलं. तेही व्हिक्टोरियाचंच.

"आणि हे?" तो म्हणाला. "हे माझं लाडकं."

मंदारने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी भिंग लावलं. नाणं दिव्याखाली सावकाश फिरवलं.

"घासलंय," मी म्हटलं. "रेषा राणीच्या गालावरून गेल्यात."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि कोऱ्या तिकिटासकट माझ्या हातात दिलं.

"लिही," ते म्हणाले. "आणि मोठ्या अक्षरात लिही, त्याला लांबूनही वाचता यायला हवं!"