कूलरसमोरचा पाहुणा

काटा सरांसोबत चहा प्यायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं होतं. बसस्थानकासमोर दोन टपऱ्या होत्या. त्यातल्या एकीचा चहा चांगला, असं कुणी सहज बोलून गेलं की सर दोन्हींकडून चहा मागवायचे, एकसारख्या पेल्यांत ओतायचे, आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि मागून एकेक पेला हातात द्यायचे. एक चहा येता येता निवलेला असला, तर दुसराही तेवढाच निवेपर्यंत थांबायचं. तोवर दोन्हींवर साय धरायची. मग आम्ही गार चहा पिऊन मत द्यायचं आणि सर मान डोलवायचे. “आता बोल. आता तुह्या बोलण्याले वजन आहे,” असं म्हणायचे.

काटा सर हे नाव आम्हीच ठेवलं होतं. यवतमाळच्या बाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसात सरांचा स्टुडिओ होता आणि फाटकाशी कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा गंजत पडला होता. रोज त्याच्यावरून चालत आत जायचं आणि आत सर प्रत्येक गोष्ट तोलत बसलेले दिसायचे. नाव आपोआप पडलं. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

स्टुडिओचं काम काय, हे मला माझ्या बाबांना कधीच नीट सांगता आलं नाही. बाबा तहसील कचेरीत होते. आमच्या घरात काम म्हणजे कचेरी, एवढंच ठरलेलं. मुलगा दिवसभर कॉम्प्युटरवर उजेड पाडतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्यांना कळेना. एकदा सरांनीच त्यांना समजावलं. मोबाइलवरच्या खेळात एखादी खोली असते. खिडकीतून ऊन येतं, फरशीवर पडतं, तिथून उसळून भिंतीवर जातं, भिंतीवरून छताला लागतं. हे सगळं खेळ चालू असताना मोजत बसलं तर मोबाइल तापून बंद पडेल. म्हणून तो हिशेब आधीच मोठ्या मशीनवर करून उजेड भिंतींवर रंगासारखा चिकटवून ठेवायचा. त्याला बेक करणं म्हणतात. बाबा सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे ऊन शिजवून ठेवता.” सर इतके खूश झाले, की पुढे आठवडाभर येईल त्याला हेच सांगत होते.

हे ऊन शिजायला वेळ लागायचा. सकाळी लावलेलं काम दुपार टळली तरी चालूच असायचं आणि मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यामुळे कोणतं मशीन किती वेळात बेक करतं, हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. नागपूरचा एक विक्रेता नवनव्या प्रोसेसरची माहिती घेऊन यायचा आणि डब्यावरचे आकडे वाचून दाखवायचा. सर शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, “डब्ब्यावर लिवलं ते डब्ब्याचं झालं. आता मशीन इथं ठेव आन् आपलं कोठार बेक करून दाखव.”

हे कोठार म्हणजे सरांची कसोटी होती. जिनिंग चालू असतानाच्या दिवसांत तिथलं कोठार जसं असायचं, तशी त्याची हुबेहूब प्रतिकृती त्यांनी कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. पत्र्याचं छत, पत्र्याला पडलेली भोकं, त्यांतून येणारे उन्हाचे कवडसे आणि खाली छताला टेकेल एवढा कापसाचा ढीग. कापूस पांढरा, त्यामुळे त्याच्यावर पडलेलं ऊन चहूकडे उसळतं आणि त्याचा माग काढता काढता मशीनला घाम फुटतो. येईल त्या मशीनला सर हीच खोली द्यायचे. वेळ मोजायचेच, पण काम झाल्यावर खुर्ची ओढून अंधाऱ्या कोपऱ्यांत डाग राहिले का, हेही बघत बसायचे. घाईनं उरकलेल्या कामाला ते कच्चं म्हणायचे. खरं कोठार शेजारीच होतं आणि त्यात आता कबुतरांशिवाय काही नव्हतं.

ती वर्षंच तशी होती. बोंडअळीनं कापूस पोखरला होता, फवारणीनं माणसं दवाखान्यात भरती होत होती, आणि माझ्या वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला निघून गेली होती. कुणी कुणाला भेटलं की तू कधी निघतोस, एवढंच विचारायचा. सर उलटे पुण्याहून इकडे आले होते. तिथल्या मोठ्या स्टुडिओतली नोकरी सोडून त्यांनी हे ऑफिस भाड्यानं घेतलं. काहून आले, असं आम्ही विचारलं, तर म्हणाले, “उजेडाचं काम आहे ना हे? मंग जिथं ऊन गंज आहे, तिथं झालं पाह्यजे.” आमच्याकडे ऊन गंज, म्हणजे रग्गड, होतंच, पण हे हसण्यावारी नेलेलं उत्तर होतं. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. पोरांना घर सोडावं लागू नये, ही त्या माणसाची इच्छा होती आणि त्यापायी त्यांनी स्वतःचं बस्तान मोडलं होतं.

आमच्यात सरिता होती. महागावकडच्या बंजारा तांड्यावरची. आमच्या सगळ्यांत तिचा हात बारीक. सावली कुठे गडद हवी आणि कुठे फिकट, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. घरच्यांशी ती फोनवर गोर बोलीत बोलायची आणि फोन ठेवता ठेवता आमच्याशी वऱ्हाडीत भांडायची. तिच्या वडिलांनी तिला यवतमाळपर्यंत येऊ दिलं होतं, ते सरांकडे बघून. पुण्याचं नाव काढायची सोय नव्हती. स्टुडिओ टिकला तर सरिताचं काम टिकणार, नाहीतर नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या एका कंपनीनं सरांना विचारलं. त्यांच्याकडे बेकिंगचं पुष्कळ काम होतं. आता हे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डवर करता येऊ लागलं होतं आणि ते कितीतरी पटींनी लवकर होतं, असं ऐकिवात होतं. कंपनी एक नवं मशीन कार्डासकट चाचणीला पाठवणार, सरांनी जुन्या मशीनशी त्याची तुलना करून कळवायचं. निकाल चांगला आला तर अशी आणखी मशीनं यवतमाळला येणार आणि कायमचं काम मिळणार. निकाल बरा नसेल तर कंपनी सगळं पुण्यातच करणार होती. आणि त्या कंपनीशिवाय आमच्याकडे तेव्हा दुसरं कामच उरलं नव्हतं.

मशीन ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आलं. सरितानं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला, आणि सर कधी नव्हे ते लग्नघरातल्या यजमानासारखे धावपळ करू लागले. “इकडे आना, इकडे. पाहुण्याले इथं बसवा.” इथं म्हणजे कूलरसमोर. ऑफिसात एकच कूलर होता, खिडकीत बसवलेला, आणि त्याच्या वाऱ्याचा एकच झोत. तिथलं टेबल रिकामं करून नवं मशीन ठेवलं. जुनं मशीन उचलून पश्चिमेच्या भिंतीशी नेलं.

त्याच आठवड्यात सरांनी दोन्ही मशीनांवर कोठार बेक केलं, पुन्हा पुन्हा केलं. नव्या मशीननं कमाल केली. जुनं अर्ध्या वाटेत असायचं, तोवर पाहुणा काम संपवून मोकळा. कोपरेही स्वच्छ. सरिता खुर्चीवरून उठून नाचलीच. मी पेढे आणले. सरांनी निकालाचा मेल लिहायला घेतला आणि आम्ही पुण्याहून आणखी मशीनं आली तर टेबलं कुठे मांडायची, यावर वाद घालू लागलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर जुन्या मशीनपाशी काही तार शोधत वाकले होते. उठले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला आणि झटकन काढून घेतला. मग कूलरकडे बघितलं, नव्या मशीनकडे बघितलं आणि खाली बसले. “आपून पाहुण्याले कूलर देल्ला,” ते म्हणाले.

मला आधी कळेचना. निवलेल्या चहापायी आमचे घोट अडवून धरणारा हा माणूस, त्याच्या हातून हे कसं झालं? पण आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला कूलरसमोर बसवणं ही ठरवून करायची गोष्ट नसते. हात आपोआप खुर्ची ओढतो. सरांचाही हात तसाच गेला होता आणि आमच्यापैकी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. तापलं की मशीन स्वतःहून मंद होतं, हे आम्ही सगळे जाणत होतो, तरीही.

“मेल पाठवून द्या सर,” सरिता म्हणाली. “पुण्यात तर एसीच असते. तिथं कोनाले मालूम पडते?”

“पुण्यात नाई ना चालवाचं ते. इथं चालवाचं आहे.”

“मंग इथंबी कूलरसमोरच ठेवू. पाहुण्याले कूलर देणं पाप आहे का?”

“पाप नाई बाई. पण शंकरपटात एका बैलजोडीले ढेप चारली, दुसरीले नुसता कडबा, आन् मंग म्हणलं का ही जोडी पळते, तर लोक काय म्हणतीन? आन् उद्या दहा मशीनं आली, तर दहा कूलर कुठून आनशीन? लाइट तरी पुरन का?”

सरिता चिडली. “तुमाले मशीनची काळजी आहे. मले घरी जा लागन, त्याची नाई.” सरांनी पुन्हा चाचणी लावली. या खेपेला दोन्ही मशीनं एकाच भिंतीशी, कूलर दोघांनाही नाही. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. कार्ड जोरात निघालं आणि थोड्या वेळानं तापून मंद झालं. व्होल्टेज खाली आलं तेव्हा मशीन बंदच पडलं. इन्व्हर्टरला त्याचा भार पेलला नाही, जुन्याचा पेलला. शेवटी नवं मशीन पुढे राहिलं, पण नावापुरतं. त्यासाठी पुण्याहून इथवर मशीनं पाठवण्यात काही अर्थ नव्हता.

सरांनी दोन्ही निकाल पाठवले आणि पहिला निकाल चुकीचा कसा, तेही लिहिलं. स्वतःच्या नावानं लिहिलं, आमच्यापैकी कुणाचं नाव घेतलं नाही. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. मनापासून आभार, मशीन परत पाठवावं, बेकिंग पुण्यातच होईल, आणि सरांची माणसं यायला तयार असतील तर आनंदानं घेऊ. सरांना स्वतःला तर मोठ्या पदावर बोलावलं होतं.

त्यानंतर सर एकदा महागावला तांड्यावर गेले, मीही बरोबर होतो. सरिताच्या वडिलांशी बोलताना त्यांनी गोर बोलीतली शिकलेली दोनचार वाक्यं वापरली, ती चुकली आणि घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वडील हसले नाहीत. ते म्हणाले, “तुमी तिथं होते म्हून पाठवली. पुण्यात कोन आहे?” सरांनी पुष्कळ सांगून पाहिलं. मी आहे, असं मात्र त्यांना म्हणता आलं नाही, कारण ते पुण्याला जाणारच नव्हते. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी पुण्याच्या त्या कंपनीत आलो, सरिता आली नाही. पुढे ती महागावच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागली, असं कळलं. सरांशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. तिचा राग मला पटतो. मलाही सरांचा राग आला होता आणि अजूनही एखाद्या दिवशी येतो. एक मेल होता. तो तसाच गेला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, असं त्या दिवशी वाटतं. आणि मग कुणीतरी माझ्यासमोर दोन मशीनांचे आकडे ठेवतो, आणि मी पहिल्यांदा विचारतो, दोन्ही एकाच भिंतीशी होती का? हे माझ्या तोंडून सरच विचारत असतात. मला एवढी माया कुणाची लागली नाही आणि एवढं नुकसानही कुणी केलं नाही.

मी निघालो तेव्हा सर बसस्थानकावर आले होते. त्यांनी माझी बॅग माझ्या हातून घेऊन वरच्या फळीवर नीट बसवली, खाली उतरले आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीचा गज धरला.

“तिथं कोनी विचारलं, का यवतमाळचं काम काहून बंद पडलं,” ते म्हणाले, “तर ऊन गंज आहे, लाइट जाते, असं काईबाई सांगू नको. म्हणजो, आमचे आकडे खरे होते.”

पुण्यात येऊन मला बरीच वर्षं झाली. हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.