बॅटरी तापली, वेळ गेली: लातूर ते किनवट, इलेक्ट्रिक कारनं

लेक रमा किनवटच्या निवासी शाळेत गेल्यापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तिला भेटायला जातो. नांदेडपर्यंत बस, पुढे रेल्वे. भेट फक्त पाचपर्यंत. यंदा मार्चमध्ये नवी इलेक्ट्रिक कार घेतली होती. रमाला चकित करावं म्हणून काहीच न कळवता मी आणि बायको सुनीता सकाळी आठला लातूरहून निघालो.

अहमदपूर, लोहा, नांदेड. रस्ता झकास. चार्ज पुरावा म्हणून मी एसी बंद ठेवला, सुनीता घामानं निथळत होती. नांदेडात जेवलो, चार्जिंग मात्र भोकरवर ढकललं. हा माझा शहाणपणा.

भोकरच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जर होता. दीडला गाडी लावली, पण चार्जिंग गोगलगायीसारखं. गाडी बंद, तरी आतला पंखा घोंघावतोय! बंद गाडी कशानं तापते, मला काही कळेना.

ढाबेवाले मामा म्हणाले, "बॅटरी तापून राहिली. रांजणाला घालतो तसं ओलं पोतं घाला की."

पटलं. बोनेटवर एक, पुढच्या जाळीवर एक घातलं. चार्जिंग आणखी मंदावलं!

भाकऱ्या थापणाऱ्या मामी चुलीपासूनच ओरडल्या, "अवो, जाळी झाकली तर वारा कुठून जाईल? फ्रिजला भिंतीशी चिकटवलं की फ्रिज लई तापतंय, तसंच हाय हे."

पोती काढली, गाडी कडुलिंबाच्या सावलीत सरकवली. वेग वाढला. पोती काढल्यामुळे की सावलीमुळे, देव जाणे. तोवर तीन वाजून गेले होते.

हिमायतनगर, इस्लापूर, मग जंगल. हळू चालवली तर चार्ज पुरतो, पण घड्याळ थांबत नाही. जोरात चालवली तर आकडा भराभर उतरतो. माझा जीव टांगणीला. पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी रस्त्यावरच लावून आत धावलो. गृहपालबाईंनी दहाच मिनिटं दिली.

रमाचे डोळे सुजले होते. "रेल्वेची शिट्टी झाली की मी फाटकाशी येते, बाबा. आज दोन गाड्या आल्या, तुम्ही न्हाई आलात."

सुनीतानं तिला जवळ घेतलं.

रात्री किनवटला लॉजवर राहिलो, साध्या प्लगवर गाडी भरली आणि दुसऱ्या दिवशी परतलो. तुम्ही जाणार असाल तर नांदेडातच चार्ज करा, सावली शोधा, जाळी मोकळी ठेवा. एसीनं चार्ज किती खाल्ला असता, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

पुढच्या रविवारी गृहपालबाईंच्या फोनवर रमा भेटली. मी उत्साहानं विचारलं, कार कशी वाटली?

"कुठली कार, बाबा?"