माडीवरचं कडं

फोन वाजला तेव्हा मी माडीवरच्या सागवानी जमिनीला जवसाचं तेल लावत होते. माझ्या लेकीच्या, नीलाच्या थोरल्या दिरांचा फोन, सांगलीच्या दवाखान्यातून. "आई गेली," एवढंच म्हणाले ते. मी "बरं" म्हणाले. पुन्हा वर गेले, राहिलेल्या दोन फळ्यांना तेल लावलं, फडकं उन्हात टाकलं आणि मगच सांगलीला जायची पिशवी भरली. त्याला आता दीड महिना झाला. ओंकार, सई, तुम्ही दोघं आईवडिलांबरोबर तिकडे तेजपूरच्या लष्करी छावणीत. कवठ्याची आजी तुम्हाला भेटायची ती वर्षाकाठी आठ दिवस, सुट्टीत. ती तुमच्या वडिलांची आई, माझी विहीण. ती मला कशी समजली, ते कागदावर असावं असं वाटतं.

कवठे महांकाळजवळच्या कोरडवाहू शिवारात तिचा सारा जन्म गेला. नवरा फौजेत, म्हणून शेत आणि दोन मुलगे तिनेच सांभाळले. मी साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे आणि चप्पल सोडायची जागाही ठरलेली. नीलाने तुमच्या वडिलांना स्वतः पसंत केलं. मी नाही म्हटलं नाही, पण विहीणबाईंशी बोलताना माझे शब्द मोजके असत.

ओंकार, तुझ्या जन्माची गोष्ट. नव्वद सालच्या आसपासची थंडी होती. नीला बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिची खोली माडीवर होती. ती जमीन माझ्या सासऱ्यांनी बर्मी सागाची करून घेतलेली. पन्नास वर्षांच्या पायांनी तिला जी तकाकी आली होती, ती कुठल्या पॉलिशला यायची नाही. विहीणबाई तिसऱ्या दिवशी आल्या. बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी द्यायला त्यांनी घरून लोखंडी घमेलं आणलं होतं. निखाऱ्यांनी लाकूड भाजू नये म्हणून त्या घमेल्याखाली पोतं घालत, आणि ते पोतं रोज नेमाने पाण्यात भिजवत. आठव्या दिवशी मी केर काढायला पोतं उचललं, तर खाली ताटाएवढं काळं कडं. ओल्या लोखंडाचा डाग सागात उतरला होता.

मी नीलासमोर, बाळासमोर बोलले, "तुमच्याकडे शेणानं सारवायची जमीन. ह्याची किंमत तुम्हाला कशी कळणार?"

 विहीणबाई पोतं उचलून जिना उतरून गेल्या. नीला भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला ह्याच बाईच्या घरी नांदायचं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं... पण शब्द तर गेला होता.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, सगळ्या खोलीला रंधा मारावा लागेल. दारामागून विहीणबाईंचा आवाज आला, "रंधा नगं. चार दिस मला द्या." दुसऱ्या दिवशी त्या मंडईतून चुक्याच्या दोन जुड्या घेऊन आल्या. आंबट चुका, आपण भाजी करतो तोच.

"मालकांच्या पांढऱ्या सदऱ्याला ट्रंकंचा गंज लागायचा," त्या म्हणाल्या. "तवा चुकाच लावायची मी."

मी खलबत्ता पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "आवं इहीणबाई, त्यो बी लोखंडाचाच की. ज्यानं डाग पाडला त्यालाच पुसाय बोलावता व्हय?" त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्या माझ्याशी हसून बोलल्या. मी पाटा धुऊन दिला.

आधी कपाटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी बोटभर वाटण लावून त्यांनी तासभर वाट पाहिली. लाकूड बिघडलं नाही. मग कड्यावर नेमकं लिंपलं, कडेच्या चांगल्या लाकडाला न लावता. वाळत आलं की लाकडी उलथन्याने काढायचं, घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसायचं, सावलीत सुकू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी शेजारी बसून वहीत लिहीत होते.

"लिवा लिवा. मास्तरीणबाईंचा अभ्यास चाललाय," त्या नीलाला म्हणाल्या, आणि नीलाही हसली.

काळं कडं राखाडी झालं, मग चहासारखं. चौथ्या दिवशी फिकट रेघ उरली तेव्हा मी वाटण पुढे केलं. त्यांनी हात धुऊन टाकले. "आता पुरं. लय केलं तर लाकूड पांढरं पडंल, मग त्योच डाग." त्यांनी तेलाचा हात फिरवला आणि वर उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

बारशाला पाहुणे येणार म्हणून मी त्या रेघेवर सतरंजी घातली. ती पुढे कायमचीच राहिली. विहीणबाई जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा तिचं टोक उचलून बघत. "हाय, हाय. बसलंय जाग्यावर." मी विषय बदलत असे. माफीचा शब्द इंग्रजीत मी शेकडो मुलींना शिकवला, पण त्यांच्यापुढे तो मराठीतही जिभेवर आला नाही.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. वाटेत, गाडी कऱ्हाड ओलांडेपर्यंत, मी वाक्यं जुळवत होते. खाटेशेजारी बसले, म्हणाले, "विहीणबाई, त्या वेळी मी जे बोलले..." त्यांनी हात हलवून मला थांबवलं. श्वास लागत होता.

"जमिनीला त्याल लावता का न्हाई?"

"लावते."

"मग झालं की."

आणि डोळे मिटून त्या माझा हात धरून राहिल्या.

तेराव्यानंतर घरी आले आणि माडीवर गेले. सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आता कुणी आलं, आणि हे काय म्हणून विचारलं, तर मी सांगते, आमच्या विहीणबाईंचं आहे. तुम्ही सुट्टीत याल तेव्हा खिडकीपासून तिसऱ्या फळीवर बघा. दुपारी ऊन तिरपं आलं की ते कडं दिसतं, एरवी नाही. चुक्याची वही कपाटात आहे, पण त्या कड्याला लावू नका.